कुपोषण, एचआयव्ही-बाधित प्रौढांतील

मानवी प्रतिरक्षा-न्यूनता व्हायरसाची (एचआयव्हीची) बाधा झालेल्या प्रौढ व्यक्तींत शरीराचे वजन, स्नायू, वसा (चरबी) तसेच जीवनसत्त्वे व खनिजे यांचे साठे घटत जाऊन जी अवस्था उत्पन्न होते तिचा विचार या नोंदीत केला आहे. निव्वळ अन्नाच्या तुटवड्यामुळे होणाऱ्या कुपोषणाहून ही अवस्था वेगळी आहे. तीत उपासमार, व्हायरसाची स्वतःची क्रिया आणि प्रतिरक्षा (रोगप्रतिकारशक्ती) दुर्बल झाल्यामुळे शिरकाव करणारे इतर रोग, ही तिन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. रेट्रोव्हायरसरोधी औषधोपचार (व्यवहारातील नाव ‘एआरटी’) सुरू केल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत जे मृत्यू होतात त्यांचे प्रमाण कृश रोग्यांत फार मोठे असते. म्हणून अशा रोग्याची कृशता हे मृत्यूचे कारण समजावयाचे, की दडून बसलेल्या दुसऱ्या रोगाची खूण समजावयाची, या प्रश्नाच्या उत्तरावर उपचारांची दिशा अवलंबून राहते. [⟶ कुपोषण, क्षयरोग].

इतिहास : या रोगाची पहिली वैद्यकीय नोंद अमेरिकेत १९८१ मध्ये झाली व त्याचा व्हायरस १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ओळखण्यात आला. मात्र पूर्व आफ्रिकेतील खेड्यांत लोकांनी त्याला त्याच्या सर्वांत ठळक लक्षणावरूनच नाव दिले होते. युगांडाच्या राकाई जिल्ह्यात वजन झपाट्याने उतरणे व दीर्घकालिक अतिसार ही लक्षणे असलेल्या रोगास ‘स्लिम’ म्हणत. डी. सर्वाड्डा व त्यांचे सहकारी यांनी या रोगाचे व एचआयव्ही-बाधेचे नाते १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७ मध्ये एड्सच्या व्याख्येत क्षीणता-लक्षणसमूहाचा समावेश केला. अन्य कोणतेही स्पष्टीकरण नसताना मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घट आणि तिच्या जोडीला तीस दिवसांहून अधिक काळ टिकणारा अतिसार, अथवा अशक्तता व ताप, असे तिचे स्वरूप ठरविण्यात आले.

तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ पासून उपलब्ध झाल्यावर श्रीमंत देशांतून ही अवस्था वेगाने मागे हटली. आफ्रिका व आशिया खंडांतील गरीब देशांत तो उपचार सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळू लागण्यास आणखी सात-आठ वर्षे जावी लागली. त्या अवधीत कृश झालेले असंख्य रोगी उपचाराविना दगावले आणि जे उरले ते अतिशय प्रगत अवस्थेत केंद्रांपाशी पोहोचले. प्रस्तुत विषयावरील बहुतेक ज्ञान याच रोग्यांच्या नोंदींतून मिळाले आहे.

कारणे व यंत्रणा : वजन उतरण्यामागे चयापचयाची (शरीरात सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींची) वाढलेली गती हेच मुख्य कारण असावे, असा प्रारंभी समज होता. एचआयव्ही-बाधित व्यक्तीचा विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाव्यय सु. दहा टक्क्यांनी अधिक असतो, हे खरे आहे. परंतु १९९५ मध्ये लंडनमधील संशोधकांनी समस्थानिक-चिन्हित पाण्याच्या साहाय्याने रोग्यांचा एकूण ऊर्जाव्यय मोजला, तेव्हा वेगाने वजन उतरत असलेल्या रोग्यांत तो वाढलेला नसून उलट कमी झालेला आढळला. रोगी हालचाल कमी करून ऊर्जेची बचत करीत होते आणि तरीही झिजत होते, कारण त्यांचे खाणे त्याहूनही अधिक घटले होते. वजनाचा ऱ्हास अखंड व मंद गतीने होत नाही. तो टप्प्याटप्प्याने होतो व त्यातील बहुतेक टप्पा एखाद्या नव्या संक्रामणाशी जोडलेला असतो, हेही याच सुमाराच्या निरीक्षणांतून दिसून आले.

खाणे घटण्याची कारणे साधी पण त्रासदायक असतात. तोंडात व अन्ननलिकेत कँडिडा या कवकाची (बुरशीची) वाढ झाल्यास घास गिळताना वेदना होतात. ताप व क्षयरोग यांमुळे अन्नावरची वासना उडते. नैराश्य, रोजगार बुडणे आणि घरात स्वयंपाक करणारी व्यक्तीच आजारी असणे या गोष्टींची नोंद वैद्यकीय कागदपत्रांत क्वचितच होते. त्यांचा परिणाम मात्र तितकाच खरा असतो.

खाल्लेले अन्न अंगी लागण्यातही अडथळे असतात. शरीरातील लसीका कोशिकांचा (प्रतिरक्षेचे कार्य करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) मोठा साठा आतड्याच्या भित्तीत असतो. बाधेच्या पहिल्या काही आठवड्यांतच तेथील सीडी-४ प्रकारच्या कोशिकांचा मोठ्या प्रमाणावर नाश होतो. श्लेष्मकलेवरील (आतड्याच्या बुळबुळीत अस्तरावरील) रसांकुर आखूड होतात, शोषण मंदावते आणि आतड्यातील जंतूंचे अंश रक्तात झिरपून सर्व शरीरात शोथाची (दाहयुक्त सुजेची) स्थिती टिकून राहते. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या प्रजीवांच्या संक्रामणाने अतिसार महिनोन्‌महिने चालतो. शोथाच्या स्थितीत प्रथिनांचा वापर नवे स्नायू घडविण्याकडे होत नाही. त्यामुळे आहार वाढविला तरी प्रथम वसा जमते व स्नायू मागे राहतात.

डॉनल्ड कॉटलर व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये न्यूयॉर्क येथील एड्सच्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूच्या सुमारास शरीरातील कोशिकीय वस्तुमान प्राकृत (सर्वसाधारण) मानाच्या सु. ५४ टक्क्यांपर्यंत आणि वजन आदर्श वजनाच्या सु. ६६ टक्क्यांपर्यंत उतरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. निव्वळ उपासमारीने मरण पावलेल्यांचे वजनही साधारण याच मर्यादेपर्यंत उतरलेले असते. मूळ रोग कोणताही असो, मानवी शरीर एका विशिष्ट मर्यादेपलीकडे झीज सोसू शकत नाही, असा याचा अर्थ होतो.

मापन : प्रौढांची कृशता मुख्यत्वे शरीर-वस्तुमान निर्देशांकाने ठरवितात. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. १८·५ पेक्षा कमी निर्देशांक न्यूनपोषण दर्शवितो. १७ पेक्षा कमी असल्यास ते मध्यम व १६ पेक्षा कमी असल्यास तीव्र समजतात. उदा., १६५ सेंमी. उंचीच्या व ४३ किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीचा निर्देशांक १५·८ येतो. पायांवर सूज असल्यास पाण्याचे वजन धरले जाऊन निर्देशांक फसवा ठरतो. गर्भिणी व उभे राहू न शकणारे रोगी यांच्या बाबतीत दंडाच्या मध्याचा घेर मोजणे अधिक सोयीचे असते. एकदा घेतलेल्या वजनापेक्षा गेल्या काही महिन्यांत ते किती उतरले, ही माहिती पुष्कळदा अधिक बोलकी असते. कारण जन्मभर सडपातळ असलेला मनुष्य आणि तीन महिन्यांत बारा किलोग्रॅम गमावलेला मनुष्य यांचा निर्देशांक एकच येऊ शकतो.

उपचाराच्या प्रारंभीचे मृत्यू : आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांतील उपचार-कार्यक्रमांचा जो आढावा २००८ मध्ये घेण्यात आला, त्यानुसार एआरटी सुरू केल्यापासून पहिल्या वर्षात ८ ते २६ टक्के प्रौढ मरण पावले होते व त्यांतील बहुतेक मृत्यू पहिल्या काही महिन्यांतले होते. मलावीतील थ्योलो या ग्रामीण जिल्ह्याची आकडेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे उपचार घेऊ लागलेल्या १,५०७ प्रौढांपैकी १९० मरण पावले आणि त्यांतील ११६ जण, म्हणजे ६१ टक्के, पहिल्या तीन महिन्यांतच दगावले. ज्यांचा निर्देशांक १६ किंवा त्याहून कमी होता, त्यांना या काळात मृत्यूचा धोका प्राकृत पोषण असलेल्यांच्या सहापट होता. सिंगापूर येथील त्याच वर्षीच्या अभ्यासात १७ पेक्षा कमी निर्देशांक असलेल्यांचा मृत्युधोका सु. दुप्पट आढळला. मात्र त्यांच्या सीडी-४ कोशिकांची संख्या इतरांइतकीच वाढत होती. ही दुसरी गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कृश रोग्यास औषधे लागू पडत नाहीत म्हणून तो मरतो असे नाही. औषधांचा लाभ पदरी पडेपर्यंत तो तग धरू शकत नाही.

या रोग्यांच्या मृत्यूचे तात्कालिक कारण बहुधा एखादे संक्रामण असते. अल्प उत्पन्नाच्या देशांतील शवविच्छेदनांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा या दृष्टीने धक्कादायक आहे. एचआयव्ही-बाधेने मरण पावलेल्या प्रौढांपैकी सु. ४० टक्क्यांच्या शरीरात क्षयरोग आढळला आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांत तो मृत्यूपूर्वी ओळखलाच गेला नव्हता. प्रतिरक्षा क्षीण झालेल्या रोग्याच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात व थुंकीत क्षयरोगाची नेहमीची चिन्हे पुष्कळदा दिसत नाहीत. वजन उतरणे हेच त्याचे एकमेव दृश्य लक्षण असू शकते. क्रिप्टोकॉकस या कवकामुळे होणारा मस्तिष्कावरणशोथ (मेंदूच्या आवरणांची दाहयुक्त सूज) व रक्तात पसरणारी जंतुसंक्रामणे यांचा क्रम त्यानंतर लागतो.

आणखी दोन घटना उपचारांतूनच उद्‌भवतात. पहिली म्हणजे प्रतिरक्षा सावरू लागताच तोवर गुप्त असलेल्या संक्रामणाविरुद्ध उसळणारी तीव्र शोथ-प्रतिक्रिया होय. याच कारणास्तव क्रिप्टोकॉकसजन्य मस्तिष्कावरणशोथ असलेल्या रोग्यास एआरटी लगेच न देता कवकरोधी उपचारांनंतर चार ते सहा आठवड्यांनी देतात. दुसरी घटना पुनराहार-लक्षणसमूह ही होय. दुसऱ्या महायुद्धानंतर बंदिवासातून सुटलेल्या उपाशी सैनिकांत ती प्रथम ठळकपणे ध्यानात आली. दीर्घकाळ उपाशी असलेल्या शरीरास एकाएकी भरपूर पिष्टमय अन्न मिळाले म्हणजे इन्शुलिनाच्या प्रभावाने फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये रक्तातून कोशिकांत खेचली जातात. रक्तातील त्यांची पातळी घसरून हृदयाच्या व श्वसनाच्या स्नायूंचे कार्य बिघडते. एआरटी सुरू होऊन भूक उसळली म्हणजे हाच प्रकार रोग्याच्या घरी, कोणाच्या लक्षात न येता, घडू शकतो. झँबियाच्या लूसाका शहरातील अतिकृश रोग्यांत रक्तातील फॉस्फेटाची नीच पातळी ही लवकर येणाऱ्या मृत्यूची पूर्वसूचक ठरली, असे २०१० मध्ये दाखविण्यात आले.

पूरक आहाराचे प्रयोग : कृशता व मृत्यू यांचे नाते इतके स्पष्ट दिसल्यावर आहार पुरविल्याने मृत्यू टळतील, अशी अपेक्षा बाळगणे स्वाभाविक होते. शेंगदाण्याचा लगदा, दूधभुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे व खनिजे यांचे मिश्रण बालकांच्या तीव्र कुपोषणावर अत्यंत गुणकारी ठरले होते. ते शिजवावे लागत नाही, त्यात पाणी नसल्याने ते लवकर नासत नाही आणि थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा देते. तेच प्रौढांना देऊन पाहण्यात आले.

मलावीतील ब्लँटायर येथे, १८·५ पेक्षा कमी निर्देशांक असलेल्या व एआरटी सुरू करणाऱ्या ४९१ प्रौढांपैकी काहींना हे शेंगदाणायुक्त मिश्रण व काहींना मका-सोयाबीनचे पीठ देण्यात आले. या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. साडेतीन महिन्यांत पहिल्या गटाचे वजन व वसाविरहित वस्तुमान अधिक वाढले. मृत्यूचे प्रमाण मात्र पहिल्या गटात २७ व दुसऱ्यात २६ टक्के, म्हणजे सारखेच राहिले. झँबियातील लूसाका व टांझानियातील म्वांझा येथे १,८१५ कृश प्रौढांवर केलेला प्रयोग याहून मोठा होता व त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये बाहेर आले. त्यात पुनराहाराचा धोका ध्यानी घेऊन प्रथम दररोज अवघे ३० ग्रॅम व एआरटीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर २५० ग्रॅम मिश्रण देण्यात आले. एका गटाच्या मिश्रणात जीवनसत्त्वे, फॉस्फेट व पोटॅशियम यांची मोठी भर होती. या भरीनेही मृत्यू कमी झाले नाहीत. इथिओपियातील जिम्मा येथे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६ पेक्षा अधिक निर्देशांक असलेल्या रोग्यांना पूरक आहार तत्काळ अथवा तीन महिन्यांनी देण्यात आला. तत्काळ आहार मिळालेल्यांचे वजन व मांसल भाग अधिक वाढला आणि हाताच्या पकडीचे बळही सुधारले.

या प्रयोगांवरून ‘आहार निरुपयोगी’ असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. पहिल्या दोन प्रयोगांत एका आहाराची दुसऱ्याशी तुलना होती. अतिकृश माणसाला अन्न न देता त्याचे काय होते हे पाहण्याचा प्रयोग नीतीस धरून होणार नाही. त्यांवरून इतकेच निश्चित म्हणता येते की, आहाराची प्रत वाढविल्याने शक्ती व वजन भरून येते, परंतु प्रारंभीचे मृत्यू केवळ त्यामुळे हटत नाहीत.

ते कशाने हटतात याचे एक उत्तर २०१७ मध्ये मिळाले. युगांडा, झिंबाब्वे, मलावी व केन्या या देशांतील, सीडी-४ कोशिकांची संख्या रक्ताच्या दर घन मिमी.मध्ये १०० पेक्षा कमी असलेल्या १,८०५ रोग्यांवर (यांत पाच वर्षांवरील काही मुलेही होती) एक प्रयोग करण्यात आला. काहींना एआरटीबरोबर नेहमीचे कोट्रायमोक्साझोल देण्यात आले. इतरांना त्याच्या जोडीला बारा आठवडे आयसोनियाझिड व फ्ल्युकोनाझोल, पाच दिवस अॅझिथ्रोमायसीन आणि अल्बेंडाझोलाची एक मात्रा देण्यात आली. चोवीस आठवड्यांअखेर मृत्यूचे प्रमाण १२·२ टक्क्यांवरून ८·९ टक्क्यांवर आले. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या अंगात काही रोग्यांना, ते कृश असोत वा नसोत, पूरक आहार देण्यात आला. त्यांचे वजन वाढले, मृत्यू घटले नाहीत. कृशता ही बहुतांशी दडलेल्या संक्रामणाची छाया असते, या मतास यामुळे बळकट आधार मिळाला.

जीवनसत्त्वांची कथाही अशीच सावधगिरी शिकविणारी आहे. टांझानियातील दार-एस्‌-सलाम येथे, एआरटी उपलब्ध होण्यापूर्वी, ब, क व ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांनी बाधित स्त्रियांतील रोगाची प्रगती मंदावल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्याच शहरात एआरटी घेणाऱ्या ३,४१८ प्रौढांवर मोठ्या मात्रांची तुलना साध्या दैनंदिन मात्रांशी केली, तेव्हा अधिक लाभ तर झाला नाहीच, शिवाय यकृताला इजा झाल्याचे दर्शविणारे एंझाइम रक्तात वाढले व प्रयोग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. बाजारात ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ म्हणून विकली जाणारी महागडी चूर्णे रोग्यांच्या माथी मारली जातात, तेव्हा हा अनुभव स्मरणात ठेवणे इष्ट आहे.

व्यवस्थापन : कृश रोगी केंद्रात आला म्हणजे प्रथम क्षयरोगाचा शोध घ्यावा लागतो. थुंकीच्या जननिक चाचणीबरोबर लघवीतील क्षयजंतूच्या लायपोअॅराबिनोमॅनन या घटकाची चाचणीही करतात. थुंकी देता न येणाऱ्या दुर्बल रोग्यास ती विशेष उपयोगी पडते. सीडी-४ संख्या नीच असल्यास रक्तातील क्रिप्टोकॉकसच्या प्रतिजनाची (प्रतिरक्षा-प्रतिक्रिया उद्दीपित करणाऱ्या घटकाची) तपासणी करतात. औषधांच्या निवडीतही कृशतेचे भान ठेवावे लागते. झिडोव्हुडिनाने पांडुरोग (रक्तक्षय) वाढतो. टेनोफोव्हिराचा मूत्रपिंडावरील दुष्परिणाम कमी वजनाच्या व्यक्तींत अधिक संभवतो. शिवाय स्नायू झिजलेल्या रोग्याच्या रक्तातील क्रिॲटिनीन मुळातच कमी असल्याने त्याचा प्राकृत आकडा मूत्रपिंड निकोप असल्याचा खोटा दिलासा देतो.

आहारासंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार लक्षणे नसलेल्या बाधित प्रौढास नेहमीपेक्षा सु. १० टक्के व लक्षणे असलेल्यास २० ते ३० टक्के अधिक ऊर्जा लागते. प्रथिनांचे प्रमाण मात्र संतुलित आहारातल्याइतकेच पुरते. अतिकृश रोग्याचा आहार थोड्या प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवितात व आरंभी थायामीन देतात. दूध, शेंगदाणे, अंडी व डाळी यांतून प्रथिनांबरोबर फॉस्फरसही मिळतो. नुसती भाताची पेज किंवा साबुदाण्याची लापशी, आजाऱ्याला हलकी म्हणून दिली जात असली, तरी तिच्यातून जवळजवळ केवळ पिष्ट मिळते आणि या अवस्थेत ती एकटी पुरेशी नाही. प्रारंभीच्या सहा महिन्यांत वजन न वाढणे हे स्वतंत्र धोक्याचे चिन्ह आहे. लूसाका येथील मोठ्या नोंदसंग्रहात अशा कृश रोग्यांचे पुढील मृत्युमान वजन वाढलेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक आढळले.

भारतातील स्थिती : भारतात ही बाधा १९८६ मध्ये तत्कालीन मद्रास येथे प्रथम आढळली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि १ एप्रिल २००४ पासून आठ सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळू लागली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होय. प्रारंभी सीडी-४ संख्या २०० पेक्षा खाली गेल्यावरच उपचार सुरू करीत, म्हणजे वजन उतरेपर्यंत थांबणे हे जणू धोरणातच अंतर्भूत होते. ही मर्यादा पुढे क्रमाने वर नेण्यात आली व २०१७ पासून प्रत्येक बाधितास निदान होताच उपचार देण्याचे धोरण अंमलात आले. प्रारंभीचे मृत्यू टाळण्यात कोणत्याही पूरक आहारापेक्षा या एका बदलाचा वाटा मोठा मानावा लागेल. तथापि उशिरा निदान होणारे व उपचार मध्येच सोडून पुन्हा परतणारे रोगी कृश अवस्थेतच येतात.

अन्नधान्याच्या मदतीसाठी दारिद्र्यरेषेखालील बाधितांच्या कुटुंबांचा अंत्योदय अन्न योजनेत समावेश करण्याचे निर्देश २००९ मध्ये देण्यात आले. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही एड्सग्रस्तांना स्थान आहे. क्षयरोग्यांना पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रु. देण्यात येत, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रु. करण्यात आली. शिधापत्रिकेसाठी आपला रोग उघड करावा लागेल या भीतीने अनेक जण, विशेषतः सासर तुटलेल्या विधवा, या साहाय्यापासून दूर राहतात.

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या कुटुंबांना धान्य, डाळ, दूधभुकटी व तेल देऊन केलेल्या प्रयोगात घरातील इतर माणसांना क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. सर्व रोग्यांना आहार मिळाल्यामुळे त्यांच्याबाबत तुलना करता आली नाही. परंतु दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांचा मृत्युधोका सु. ६१ टक्क्यांनी कमी होता. हे रोगी बहुसंख्येने एचआयव्ही-बाधित नव्हते व त्यांच्या रोगाचे निदान होऊन योग्य औषधे चालू होती. आफ्रिकेतील प्रयोगांशी दिसणाऱ्या विसंगतीचे स्पष्टीकरण बहुधा याच फरकात आहे.

डोल्युटेग्राव्हिर या औषधावर आधारलेला उपचार २०२० नंतर भारतातही रूढ झाला. त्याने व्हायरस लवकर आटोक्यात येतो. क्षयरोगासाठी रिफँपिसीन चालू असल्यास त्याची मात्रा दिवसातून दोनदा द्यावी लागते. जोहॅनिसबर्ग येथील २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या उपचाराने, विशेषतः स्त्रियांत, वजन लक्षणीय वाढल्याचे दिसले. उपचारापूर्वी सीडी-४ संख्या ज्यांची सर्वांत कमी होती त्यांचे वजन सर्वाधिक वाढते, म्हणून या वाढीचा काही भाग गमावलेले वजन परत मिळण्याचा असतो. उरलेला भाग पोटाभोवतीच्या वसेचा असून मधुमेह व हृदयविकार यांच्या दृष्टीने त्याचा अभ्यास चालू आहे.